अर्धं दिसत नाही, तरी बोट बरोबर जागी जातं: ब्लाइंडसाइट तपासायची कशी?

पंचवटीकर (धागाकर्ती)

नाशिक परिसरात मेंदूच्या झटक्यानंतरच्या (स्ट्रोकनंतरच्या) रुग्णांबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. झटका मेंदूच्या अगदी मागच्या भागात बसला की कित्येकदा हातपाय चालतात, बोलणं स्वच्छ असतं, पण दोन्ही डोळ्यांचं एकाच बाजूचं अर्धं दिसणं जातं. फाइलवर 'होमोनिमस हेमिआनोपिया' असं लिहून येतं आणि घरचे दोन उलटसुलट तक्रारी घेऊन येतात. पहिली, "ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते." दुसरी, "त्याच बाजूने चेंडू आला तर मान बरोबर मागे घेतात. मग दिसत नाही कसं?" दुसऱ्या तक्रारीतून रुग्ण नाटक करतोय असा संशय घरात शिरतो, आणि तो फार नुकसान करतो.

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. दिसल्याचं भान नसतानाही नजरेकडून माहिती मिळते, ती ब्लाइंडसाइट हीच का? खात्री कशी करायची? आणि रुग्णाला तिचा उपयोग किती? रुग्णांची नावं, गाव, दवाखाना कुणी लिहू नये.

---

कॅल्कॅरिन

आधी रचना, म्हणजे पुढचं सोपं जाईल. डाव्या बाजूचं दृश्य, मग ते कोणत्याही डोळ्याने पाहा, उजव्या मेंदूच्या मागच्या टोकाशी जातं. तिथे कॅल्कॅरिन नावाच्या खोबणीच्या दोन्ही काठांवर प्राथमिक दृष्टिकेंद्र असतं. त्यालाच व्ही-वन म्हणतात. वरच्या काठावर खालचं दृश्य, खालच्या काठावर वरचं. नजरेच्या मध्यावरच्या १० अंशांना त्यातली निम्म्याहून जास्त जागा मिळालेली आहे. व्ही-वन गेलं की त्या जागेचं 'मला दिसतंय' हे भान जातं.

पण डोळ्यातून निघालेले सगळे तंतू व्ही-वनच्याच वाटेला लागत नाहीत. सुमारे ९० टक्के मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसमधल्या एलजीएन या गाठीकडे जातात, बाकीचे मध्यमेंदूतल्या सुपीरिअर कॉलिक्युलसकडे आणि इतर छोट्या केंद्रांकडे. कॉलिक्युलसवरून थॅलॅमसच्याच पल्व्हिनार या भागामार्गे, आणि एलजीएनमधूनही थेट, काही धागे व्ही-वनला वळसा घालून एमटी या हालचाल ओळखणाऱ्या भागात पोहोचतात. ही आडवाट शाबूत असली तर माहिती पोहोचते, भान पोहोचत नाही.

१९१७ मध्ये जॉर्ज रिडक यांनी पहिल्या महायुद्धातल्या, डोक्याच्या मागे गोळी लागलेल्या सैनिकांबद्दल लिहिलं, की आंधळ्या भागात वस्तू कळत नाही पण हालचाल कळते. १९७३ मध्ये अर्न्स्ट पोपेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा रुग्णांना 'जिथे प्रकाश असेल असं वाटतं तिकडे डोळे वळवा' म्हटलं तर डोळे साधारण योग्य दिशेला जातात. १९७४ मध्ये लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ, एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी डी. बी. या रुग्णाबद्दल लिहिताना 'ब्लाइंडसाइट' हा शब्द वापरला. रक्तवाहिन्यांची गाठ काढताना त्यांचं उजवं दृष्टिकेंद्र गेलं होतं. डाव्या भागात ठिपका कुठे आहे, रेघ उभी की आडवी, हे ते 'अंदाजाने' सांगत आणि बहुतेकदा बरोबर सांगत. निकाल दाखवल्यावर त्यांनाच आश्चर्य वाटलं.

दोन प्रकार लक्षात ठेवा. पहिल्यात भान शून्य असतं, फक्त अंदाज बरोबर येतो. दुसऱ्यात 'काहीतरी सरकलं' असं वाटतं, पण काय ते सांगता येत नाही. दवाखान्यात जास्त तक्रारी दुसऱ्या प्रकारच्या असतात.

चेंडूबद्दल: एवढ्यावरून ब्लाइंडसाइट म्हणू नका. चेंडूचा आवाज असतो, फेकणाऱ्याचा हात दिसणाऱ्या बाजूला येतो, आणि डोळे क्षणभर तिकडे फिरले की दृश्य चांगल्या भागात येतं.

---

दृष्टिपटल

पहिली पायरी फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेच्या कोणत्या भागात दिसतं आणि कोणत्या नाही ते मोजणं. काचबिंदूसाठी होते तीच, नाशकात बऱ्याच डोळ्यांच्या दवाखान्यांत यंत्र आहे. फक्त चिठ्ठीवर 'दोन्ही डोळे वेगवेगळे, ३०-२ किंवा २४-२' असं स्पष्ट लिहून घ्या. ही बिंदूंच्या ठरावीक जाळ्यांची नावं. ३०-२ मध्ये ७६ बिंदू तपासले जातात, २४-२ मध्ये ५४. वाचायला त्रास असेल तर मधल्या भागासाठी १०-२ वेगळी करावी लागते.

कागद हातात आला की काळा भाग पाहण्याआधी वरची विश्वासार्हतेची ओळ वाचा. नजर हलल्याची नोंद २० टक्क्यांवर किंवा चुकीचे 'दिसलं' १५ टक्क्यांवर असतील तर चाचणी पुन्हा करा. रुग्ण पंधरा मिनिटांत थकतो. सकाळची वेळ घ्या, दोन डोळ्यांच्या मध्ये विश्रांती द्या.

अजून एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ३०-२ आणि २४-२ मध्ये दोन बिंदूंमध्ये ६ अंशांचं अंतर असतं. मधे एखादं दिसणारं बेट वाचलेलं असेल तर या जाळीतून ते निसटतं. १९९२ मध्ये फेंड्रिक, वेसिंजर आणि गॅझानिगा यांनी एका रुग्णात जेमतेम एका अंशाचं असं बेट शोधलं होतं, आणि त्याची 'ब्लाइंडसाइट' त्या बेटापुरतीच होती. फील्ड काळं आलं म्हणजे तिथे व्ही-वन शून्य, असं समजू नका. एमआरआय सोबत ठेवूनच बोला.

---

गोदाकाठ

पंचवटीकरताई, ताटाच्या उदाहरणावर थांबते. ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढतात, म्हणून डाव्या बाजूचा दोष जेवताना पटकन उघडा पडतो. पण तो हेमिआनोपिया आहे की निग्लेक्ट, हे आधी ठरवा. निग्लेक्टमध्ये दिसणं असतं, त्या बाजूचं अवधान जातं. दोन्ही एकत्रही असू शकतात.

कोऱ्या कागदावर २० सेंटीमीटरची आडवी रेघ काढा, कागद रुग्णाच्या छातीसमोर मधोमध ठेवा आणि रेघेचा मध्य दाखवायला सांगा. असं पाच वेळा करा. डावा निग्लेक्ट असेल तर खूण उजवीकडे सरकते. नुसता डावा हेमिआनोपिया असेल तर उलट थोडी डावीकडे, म्हणजे आंधळ्या बाजूलाच सरकते. हेमिआनोपियावाला "डावीकडचं दिसत नाही" असं स्वतः सांगतो आणि मान तिकडे वळवतो. निग्लेक्टवाला तक्रारच करत नाही. ताट अर्धं फिरवून पाहा. हेमिआनोपियावाल्याला "डावीकडे बघा" म्हणून एकदा सांगितलं की तो शोधून घेतो, निग्लेक्टवाल्याला दर घासाला सांगावं लागतं.

निग्लेक्टच्या रुग्णात ब्लाइंडसाइटची चाचणी करू नका. येणाऱ्या आकड्याला अर्थ राहत नाही.

---

संख्यारेषा

आता चाचणी. इथे घाईत केलेल्या दहापैकी बहुतेक चाचण्या गळतीच मोजतात, म्हणजे दिसणाऱ्या भागातून निसटून आलेली माहिती, म्हणून जरा लांबण लावतो.

अंतर: पडद्यापासून डोळा ५७ सेंटीमीटरवर. या अंतरावर पडद्यावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जवळपास १ अंश, गणित सोपं होतं. हनुवटी टेकवायला पुस्तकांची चळत चालते. डावी बाजू तपासायची असेल तर १५.६ इंची लॅपटॉपवर नजर रोखायचा ठिपका उजव्या कडेपासून ३ सेंटीमीटर आत ठेवा, म्हणजे डावीकडे २७-२८ अंश मोकळे मिळतात. ठिपका अर्धा सेंटीमीटर.

काय दाखवायचं: गोल खिडकीत उभे काळे-पांढरे पट्टे, खिडकी ६ सेंटीमीटर, मध्य ठिपक्यापासून १० ते १२ सेंटीमीटर. एक काळा आणि एक पांढरा मिळून एक आवर्तन, १ सेंटीमीटरचं. पट्टे सेकंदाला १० आवर्तनांनी सरकवा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर म्हणजे दर फ्रेमला आवर्तनाचा सहावा भाग. ही आडवाट जाड, वेगाने बदलणाऱ्या गोष्टी पकडते. बारीक आणि स्थिर गोष्टींना ती फारशी प्रतिसाद देत नाही, म्हणून छापील अक्षरांनी तपासण्यात अर्थ नाही. खिडकीच्या कडा विरळ करत न्या, धारदार ठेवू नका.

किती वेळ: १५० मिलिसेकंद, म्हणजे ९ फ्रेम. डोळा उडी मारायला साधारण २०० मिलिसेकंद घेतो, त्याआधी चित्र गेलेलं असलं पाहिजे. दोन सेकंद दाखवायचं असेल तर डोळ्यांचा मागोवा घेणारं यंत्र लागेल. ते नसेल तर निदान वेबकॅमने डोळ्यांचं चित्रीकरण करा आणि नजर हललेल्या फेऱ्या वगळा. वगळायचा निर्णय उत्तर बरोबर की चूक हे पाहण्याआधी घ्या.

प्रश्न: "दिसलं का?" हा प्रश्न विचारूच नका. दोन बीप द्या. पट्टे पहिल्या बीपला येतील किंवा दुसऱ्या. "पहिल्याला की दुसऱ्याला? काही वाटलं नाही तरी एक उत्तर द्याच." रुग्ण चिडतात, "जे दिसत नाही ते कसं सांगू?" म्हणतात. आधी नीट समजवा की उत्तर चुकलं तरी हरकत नाही. प्रत्येक उत्तरानंतर चार पायऱ्यांत भान विचारा: काहीच नाही, ओझरतं काही, बरंचसं, स्पष्ट. 'काहीच नाही'च्या फेऱ्या वेगळ्या मोजा, खरी पहिल्या प्रकारची ब्लाइंडसाइट तिथेच असते.

किती फेऱ्या: १००, पंचवीस-पंचवीसच्या चार खेपांत. क्रम संगणकाने ठरवलेला, आलटूनपालटून नको. १०० पैकी ५९ किंवा जास्त बरोबर आले तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता ५ टक्क्यांखाली जाते. ५० फेऱ्या असतील तर ३२ लागतात, २० असतील तर १५. वीसपैकी चौदा आले म्हणून लोक खूश होतात, पण तेवढे तर नुसत्या अंदाजानेही साधारण १७ खेपांत एकदा येतात. पाच दिवस चाचणी घेऊन सर्वांत चांगला दिवस निवडणं ही त्याहून मोठी चूक.

---

दृष्टिपटल

संख्यारेषा यांच्या कृतीत उजेडाची भर घालतो, कारण सगळ्यात जास्त गळती तिथून होते. काळ्या पडद्यावर पांढरा चौकोन दाखवला की त्याचा प्रकाश डोळ्याच्या आत विखुरतो आणि चांगल्या भागात हलकी झाक येते. रुग्ण प्रामाणिकपणे 'अंदाज' सांगतो, पण तो अंदाज दिसणाऱ्या भागातून आलेला असतो. म्हणून खोलीत दिवे चालू ठेवा, पडदा राखाडी ठेवा, आणि पट्ट्यांचा सरासरी उजेड त्या राखाडीइतकाच असू द्या.

इथे एक नेहमीची फसगत होते. ० ते २५५ या संगणकी मोजणीत राखाडी म्हणजे १२८ असं धरतात. नेहमीच्या २.२ गॅमाच्या (आकडा आणि प्रत्यक्ष उजेड यांचं नातं) पडद्यावर १२८ म्हणजे पूर्ण उजेडाच्या जेमतेम २२ टक्के. शुद्ध काळे-पांढरे पट्टे घेतले तर जोडीला राखाडी साधारण १८६ हवा. पडताळा सोपा आहे. एकेका पिक्सेलच्या आडव्या काळ्या-पांढऱ्या रेघा एका चौकोनात भरा, शेजारी राखाडी चौकोन ठेवा, लांब जाऊन पाहा. दोन्ही एकसारखे दिसेपर्यंत आकडा बदला. तिरकं पाहिल्यावर रंग बदलणारा स्वस्त पडदा या कामाला घेऊ नका.

नियंत्रण म्हणून डोळ्याचा नैसर्गिक अंधबिंदू वापरा. डाव्या बाजूचं न दिसणाऱ्या रुग्णाचा उजवा डोळा झाका. डाव्या डोळ्याचा अंधबिंदू ठिपक्याच्या डावीकडे सुमारे १५ सेंटीमीटरवर, दीड सेंटीमीटर खाली येतो. तो साधारण साडेपाच अंश रुंद असतो, म्हणून तिथे २ ते ३ सेंटीमीटरचंच चित्र ठेवा, आणि तेवढंच चित्र अंधबिंदूच्या बाहेर ठेवून वेगळी फेरीही घ्या. अंधबिंदूत प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत, तिथे उत्तरं निम्मी-निम्मी यायला हवीत. तिथेही बरोबर येत असतील तर प्रकाश विखुरतोय किंवा कुठून तरी आवाज-खूण मिळतेय. डी. बी. यांच्या बाबतीत हाच पडताळा केला होता: अंधबिंदूत काही नाही, त्याच्या आजूबाजूच्या आंधळ्या भागात मात्र ठिपका पकडला.

---

काटेकोर

सगळं मान्य, पण मूळ दाव्यावर एक आक्षेप नोंदवतो. कँपियन, लॅटो आणि स्मिथ यांनी १९८३ मध्येच म्हटलं होतं की विखुरलेला प्रकाश, उरलेली बेटं आणि उंबरठ्यावरची अंधुक दृष्टी एवढ्यात बरंच काही बसतं. इयान फिलिप्स यांचा २०२१ चा युक्तिवाद याच दिशेचा आहे: रुग्णाला अंधुक, विचित्र असं काही जाणवतं, पण 'याला दिसणं म्हणायचं का' या उंबरठ्यावर तो फार कडक असतो. 'नाही' हे उत्तर भान नसल्याचा पुरावा कसं होईल?

---

कॅल्कॅरिन

आक्षेप रास्त आहे आणि दुसऱ्या प्रकाराला बऱ्यापैकी लागू पडतो. पण तीन गोष्टी त्यात सहज बसत नाहीत.

अझोपार्डी आणि काउई यांनी १९९७ मध्ये जी. वाय. या प्रसिद्ध रुग्णात 'हो/नाही' आणि 'दोनपैकी एक निवडा' अशा दोन्ही पद्धतींनी संवेदनक्षमता मोजली, ती कडकपणाचा परिणाम बाजूला काढून. निवडीच्या पद्धतीत ती जास्त आली. निरोगी माणसांच्या उंबरठ्यावरच्या दृष्टीत असा फरक आला नाही.

दुसरी गोष्ट माकडांची. १९९५ मध्ये काउई आणि स्टोरिग यांनी एका बाजूचं व्ही-वन काढलेल्या माकडांना आंधळ्या बाजूच्या दिव्याला हात लावायला शिकवलं, तो ते अचूक लावत. पण 'दिवा नव्हता' हे सांगायची कळ दिल्यावर त्याच दिव्याला त्यांनी 'नव्हता' असं उत्तर दिलं.

तिसरी टी. एन. या रुग्णाची. हे स्वतः डॉक्टर. लागोपाठच्या दोन झटक्यांत दोन्ही बाजूंची दृष्टिकेंद्रं गेली, म्हणजे कुठे विखुरायला चांगला भागच उरला नाही. २००८ मध्ये बीट्रिस द गेल्डर आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं की अडथळे मांडलेल्या बोळातून ते काठीशिवाय, कशालाही न धडकता चालत गेले. त्याआधी २००५ मध्ये पेग्ना यांच्या गटाने दाखवलं होतं की चेहऱ्यावरचा भाव ते नशिबापेक्षा जास्त वेळा ओळखतात, पण चेहरा बाईचा की पुरुषाचा हे नाही.

आडवाट नेमकी कोणती, यावर वाद आहे. २०१० मध्ये श्मिड आणि सहकाऱ्यांनी माकडात एलजीएन तात्पुरतं बंद केलं तेव्हा ब्लाइंडसाइट गेली. २०१५ मध्ये अजीना, ब्रिज आणि सहकाऱ्यांनी माणसांत पाहिलं: ज्यांच्यात ब्लाइंडसाइट होती त्यांच्यात एलजीएन ते एमटी हा धागा शाबूत होता, ज्यांच्यात नव्हती त्यांच्यात तो बिघडलेला. म्हणून प्रत्येक हेमिआनोपियात ब्लाइंडसाइट सापडेल ही अपेक्षा ठेवू नका, आणि नाही सापडली तर रुग्णाचे प्रयत्न कमी पडले असं घरच्यांना वाटू देऊ नका.

---

पंचवटीकर

मनापासून आभार. घरचे पुढे हेच विचारतात: सराव करून हे वाढतं का? आणि दिसणं परत कधी येतं?

---

कॅल्कॅरिन

आपोआप होणारी सुधारणा बहुतेक पहिल्या ३ महिन्यांत होते. ६ महिन्यांनंतर ती क्वचित.

सरावाने आंधळ्या भागाची संवेदनक्षमता वाढू शकते. साहराई आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये रुग्णांकडून घरी रोज, ३ महिने, वर दिल्यासारख्या जाड लुकलुकत्या पट्ट्यांचा सराव करून घेतला, तेव्हा ती वाढलेली आढळली. हक्सलिन यांच्या गटाने २००९ मध्ये हालचालीची दिशा ओळखायचा सराव घेतला, तिथेही सुधारणा झाली, पण सराव केलेल्या जागेपुरती. जागा एकेक करत, दिसणाऱ्या सीमेपासून आत सरकवावी लागते. महिने लागतात, आणि फील्डच्या कागदावर फरक थोडा दिसतो. पैसे घेऊन 'गेलेलं अर्धं परत आणतो' म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका.

---

गोदाकाठ

रोजचा उपयोग बघायचा तर पहिला मान नजर फिरवण्याच्या सरावाला. आधी डोळा, मग मान. रुग्णाला आंधळ्या बाजूला एकच मोठी उडी मारायला शिकवा, दिसणाऱ्या सीमेच्या पलीकडे, आणि मग तिथून परत मध्याकडे शोधत यायला. लहान लहान उड्यांनी वेळ जातो. भिंतीवर दोन बाजूंना मिळून वीस चिठ्ठ्या लावा, आकडे क्रमाने शोधायला सांगा, वेळ लिहा. रोज दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं.

रस्ता: आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून ओलांडताना पहिली अर्धी धोक्याची बाजू उजवी, दुभाजकानंतर डावी. डाव्या बाजूचा रुग्ण पहिला अर्धा रस्ता बिनधास्त पार करतो आणि दुसऱ्यात सापडतो. दुभाजकावर पूर्ण थांबायचं, मान डावीकडे खांद्यापर्यंत वळवायची, मगच पाऊल. उजव्या बाजूच्या रुग्णाला पहिलंच पाऊल धोक्याचं. उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या धरल्या तर दोघांनी दोन्हीकडे पाहायचंच. द्वारका चौकासारख्या ठिकाणी सोबतीशिवाय नको. सोबत्याने आंधळ्या बाजूला चालायचं, म्हणजे मेन रोडच्या किंवा रामकुंडाच्या गर्दीत धक्का त्याला लागेल. 'सरकलेलं कळतं' म्हणून दुचाकी हातात देऊ नका. ब्लाइंडसाइट थांबलेला हातगाडा दाखवत नाही.

वाचन: डाव्या बाजूच्या रुग्णाला ओळीची सुरुवात सापडत नाही, शब्दाचं पहिलं अक्षर गळतं. 'अशक्य'चं 'शक्य' होतं. औषधाची सूचना वाचताना हे महागात पडेल. डाव्या समासात जाड लाल पट्टी चिकटवा, 'लाल दिसेपर्यंत डावीकडे जा' एवढाच नियम. उजव्या बाजूच्या रुग्णाचं वाचन जास्त अडतं, कारण पुढचा शब्दच झाकलेला असतो आणि मराठीत अर्थाचा मोठा भाग शेवटच्या प्रत्ययात असतो. 'घरात', 'घरातून', 'घराला' सगळं 'घर' वाचलं जातं. बोट शब्दाच्या शेवटाखाली ठेवून वाचायला लावा.

---

दृष्टिपटल

प्रिझमबद्दल, म्हणजे दृश्य बाजूला सरकवणाऱ्या काचेबद्दल, थोडक्यात. चष्म्याला चिकटवायच्या ४० डायऑप्टरच्या (प्रिझमच्या ताकदीचं माप) पट्ट्या साधारण २० अंश दृश्य सरकवतात. डाव्या दोषासाठी डाव्या काचेवर, जाड बाजू बाहेर, एक पट्टी बाहुलीच्या वर आणि एक खाली, मध्ये सुमारे १२ मिलिमीटर मोकळी जागा. रुग्णाने मोकळ्या जागेतूनच पाहायचं. पट्टीत काही सरकलं की मान वळवायची. जागा चुकून मध्ये आली तर एकाची दोन दिसतात आणि चष्मा कपाटात जातो. निग्लेक्ट असेल तर प्रिझमचा फायदा कमी. चिकटवलेली पट्टी धुळीने आणि पिवळेपणाने काही महिन्यांत धूसर होते, बदलायची तारीख आधीच लिहून द्या.

---

पंचवटीकर

आंधळ्या बाजूला माणसं, नक्षी, प्राणी दिसतात असं कुणी सांगितलं तर? घरचे लगेच देवऋषी गाठतात.

---

कॅल्कॅरिन

याला चार्ल्स बोनेट सिंड्रोम म्हणतात. इनपुट तुटलेला दृष्टिभाग स्वतःच चित्रं तयार करतो. रुग्णाला ती खोटी आहेत हे बहुधा माहीत असतं. हे वेड नाही आणि ब्लाइंडसाइटही नाही. डोळे मिटणं-उघडणं, दिवा लावणं, नजर भराभर दोन्हीकडे फिरवणं याने बहुतेकदा चित्र जातं. पण झटक्यानंतर एकच चित्र ठरावीक मिनिटं, पुन्हा पुन्हा, ठिणग्यांसारखं येत असेल आणि त्याबरोबर गुंगी येत असेल तर फिट असू शकते. त्याला न्यूरोलॉजिस्टकडे त्याच दिवशी न्या.

आणि ज्याला आज, आत्ता, अचानक अर्धं दिसेनासं झालंय, त्याच्यासाठी या धाग्यातली एकही चाचणी नाही. १०८ लावा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. शेवटचं नीट दिसत होतं ती वेळ कागदावर लिहून रुग्णासोबत द्या.